मागे पडणाऱ्या मुलांसाठी: अमेरिकेतील एका कायद्याची कहाणी

एप्रिल १९६५ मधील अकरावी तारीख. वार रविवार. अमेरिकेतील टेक्सस राज्यात, पेडर्नालिस नदीच्या परिसरात असलेल्या एका जुन्या, एकखोली शाळेसमोर एक साधे मेज मांडलेले होते. त्या मेजाशी बसलेले गृहस्थ अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वृद्ध बाई त्यांच्या पहिल्या शिक्षिका होत्या. लिंडन जॉन्सन अवघे चार वर्षांचे असताना कॅथरिन डेड्रिक लोनी या बाईंनी याच शाळेत त्यांना पहिले धडे दिले होते. त्या दिवशी त्यांच्या या विद्यार्थ्याने त्यांच्या समक्ष एका कायद्यावर सही केली. तो कायदा म्हणजे अमेरिकेचा प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा कायदा होय.

हे स्थळ जॉन्सन यांनी केवळ शोभेसाठी निवडले होते असे नाही. १९२८ साली, स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षण पुरे होण्याच्या आधीच, पैशाच्या ओढगस्तीमुळे त्यांनी टेक्ससच्या दक्षिण भागातील कोटुला या गावी मास्तरकी पत्करली होती. शाळा मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांची. त्यांतील फारच थोड्यांना इंग्रजी येत असे आणि मास्तरांना स्पॅनिश बेताचेच येई. पुष्कळ मुले सकाळी काही न खाता, उपाशी पोटी वर्गात येत. ती मुले बुद्धीने कमी नव्हती, परंतु शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच ती शर्यतीत मागे पडलेली होती. ही गोष्ट त्या तरुण मास्तरांच्या मनात घर करून राहिली आणि सदतीस वर्षांनंतर, देशाच्या कायदेमंडळापुढे बोलताना, त्यांनी कोटुलाच्या त्या मुलांची आठवण मुद्दाम सांगितली.

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांना मुलाचे 'मागे पडणे' म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पहिलीत वाचन कच्चे राहिले की दुसरीत ते अधिक कच्चे होते आणि चौथीपाचवीत तर इतिहास, भूगोल, गणितातील शाब्दिक उदाहरणे, सारेच अंधारात जाते. अशा मुलाला वेळेवर हात द्यावयाचा कोणी? शाळेने, सरकारने, की आईबापांनी? अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर गेली साठ वर्षे एका विशिष्ट रीतीने शोधण्याचा प्रयत्न केला आहे. त्या प्रयत्नात यश आहे, अपयशही आहे, आणि दोन्हींपासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

श्रीमंत देशातील गरीब शाळा

अमेरिकेसारख्या संपन्न देशात शाळांना पैशाची वाण कशी पडते, असा प्रश्न आपणांस साहजिकच पडेल. याचे उत्तर त्या देशाच्या रचनेत आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. त्यामुळे हा विषय घटक राज्यांकडे राहिला आणि राज्यांनी तो बहुतांशी स्थानिक शाळा-जिल्ह्यांकडे सोपविला. शाळा-जिल्हा म्हणजे आपल्याकडील जिल्हा नव्हे. एखाद्या शहरापुरता, कधी कधी एखाद्या गावापुरताही असणारा, स्वतःचे मंडळ निवडणारा आणि स्वतःचा कर बसविणारा तो एक स्वतंत्र घटक असतो. असे सुमारे तेरा हजार जिल्हे त्या देशात आहेत. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग घरांवरील व जमिनींवरील करातून येतो. ज्या वस्तीत बंगले मोठे तेथे कर पुष्कळ आणि शाळाही संपन्न. ज्या वस्तीत घरे पडकी तेथे शाळेची तिजोरीही रिकामी.

ही विषमता किती तीव्र असू शकते हे एका प्रसिद्ध खटल्यात जगापुढे आले. टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचा एक गरीब शाळा-जिल्हा होता आणि त्याच शहरात ॲलॅमो हाइट्स नावाचा एक संपन्न जिल्हा होता. १९६७-६८ या शालेय वर्षाचे आकडे न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद आहेत. एजवूडचे रहिवासी शंभर डॉलर किमतीच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर देत होते आणि त्यातून दर मुलामागे अवघे २६ डॉलर जमत होते. ॲलॅमो हाइट्सचे रहिवासी त्याहून कमी दराने, म्हणजे ०.८५ डॉलर, कर देत असूनही तेथे दर मुलामागे ३३३ डॉलर गोळा होत होते. म्हणजे गरिबांनी अधिक कर द्यावा आणि त्यांच्या मुलांच्या पदरात त्याचा तेरावा हिस्सा पडावा, असा हा प्रकार होता.

डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि त्यांच्यासारख्या इतर पालकांनी १९६८ साली या अन्यायाविरुद्ध दाद मागितली. खालच्या न्यायालयात ते जिंकले, परंतु १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. पुढे १९८९ साली टेक्ससच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या घटनेचा आधार घेऊन याच प्रश्नावर एजवूडच्या बाजूने कौल दिला. पण तोवर मूळ खटला गुदरला तेव्हा शाळेत असलेली मुले मोठी होऊन संसाराला लागली होती.

त्याच निकालपत्रात आणखी एक आकडा आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. मध्यवर्ती सरकारकडून एजवूडला दर मुलामागे १०८ डॉलर मिळत होते आणि ॲलॅमो हाइट्सला ३६. राज्याची मदत दोघांना जवळजवळ सारखीच होती. मध्यवर्ती पैसा तेवढा गरीब शाळेकडे अधिक वळलेला होता. तरीही एकंदर बेरीज केली तर एजवूडच्या मुलामागे ३५६ डॉलर आणि ॲलॅमो हाइट्सच्या मुलामागे ५९४ डॉलर खर्च होत होते. १९६५ च्या कायद्याचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही या चार आकड्यांत दिसून येतात. खळगा खोल होता, आणि मध्यवर्ती मदतीने तो थोडासा भरला, परंतु बुजला नाही.

पैसा शाळेपर्यंत कसा पोहोचतो?

या कायद्याचे अनेक भाग आहेत. त्यांतील पहिला भाग, ज्याला तेथे 'टायटल वन' म्हणतात, तोच सर्वांत मोठा. १९६५ पूर्वी शाळांना मध्यवर्ती सरकारने सर्वसाधारण मदत द्यावी असे अनेक प्रयत्न झाले होते, पण ते सारे फसले. काहींना भीती होती की, पैशापाठोपाठ दिल्लीचा हुकूम यावा तसा वॉशिंग्टनचा हुकूमही येईल. काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा असलेल्या राज्यांना पैसा द्यावा की नाही, हा दुसरा वाद होता. चर्चच्या शाळांना सरकारी पैसा मिळावा की नाही, हा तिसरा. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने वंशभेद करणाऱ्या संस्थांना मध्यवर्ती पैसा मिळणार नाही असे ठरविल्यामुळे दुसरा वाद बराच निवळला. तिसऱ्यावर जॉन्सन यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती काढली. मदत शाळेला नव्हे, गरीब मुलाला, असे तत्त्व त्यांनी मांडले. गरीब वस्तीतील मूल खाजगी शाळेत जात असले, तरी त्याला शिकवणीचा लाभ मिळावा, मात्र पैसा सार्वजनिक यंत्रणेच्या हाती राहावा. या तडजोडीमुळे जे पूर्वी अनेक वर्षे झाले नव्हते ते तीन महिन्यांत झाले.

आज या पैशाचा प्रवास असा होतो. अमेरिकेची काँग्रेस दरवर्षी रक्कम मंजूर करते. पहिल्या वर्षी ती सुमारे एक अब्ज डॉलर होती, अलीकडच्या वर्षांत ती अठरा अब्जांच्या वर गेली आहे. जनगणना खाते प्रत्येक शाळा-जिल्ह्यात पाच ते सतरा वर्षे वयाची किती मुले दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत आहेत याचा अंदाज दरवर्षी काढते. त्या संख्येवर मुख्यतः वाटणी ठरते. रक्कम प्रथम राज्याकडे, तेथून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून शाळांकडे जाते. जिल्ह्याने आपल्या शाळा गरिबीच्या प्रमाणानुसार क्रमाने लावावयाच्या असतात. ज्या शाळांत शंभरातील पंचाहत्तरांहून अधिक मुले गरीब आहेत, त्यांना आधी द्यावे आणि उरल्यास पुढे सरकावे, असा नियम आहे. आज त्या देशातील निम्म्याहून अधिक सरकारी शाळांना ही मदत मिळते.

या हिशेबात एक लहानशी, पण मनाला चटका लावणारी बाब आहे. शाळेतील गरीब मुले मोजावयाची कशी? बहुतेक जिल्हे दुपारच्या मोफत जेवणासाठी आलेल्या अर्जांवरून ती मोजत आले आहेत. म्हणजे घरातून अर्ज आला तर मूल मोजले जाते, नाही आला तर नाही. छोट्या मुलांचे अर्ज येतात, परंतु माध्यमिक शाळेतील मुलांना आपली गरिबी चारचौघांत उघडी पडू नये असे वाटते, आणि अर्ज दप्तरातच राहतो. कधी आईबापांनाच लाज वाटते. एका कागदाच्या लाजेपायी सबंध शाळेचा वाटा कमी होतो. २०१० च्या एका कायद्यानंतर अतिशय गरीब वस्तीतील शाळांना अर्जावाचून सर्वच मुलांना मोफत जेवण देण्याची मुभा मिळाली, आणि तेथे तरी मुलांची ही कुचंबणा संपली.

वर्गात काय घडते?

पैसा शाळेत आल्यावर काय होते? शाळेतील गरिबीचे प्रमाण तुलनेने कमी असेल, तर मदत निवडक मुलांपुरती असते. येथे एक महत्त्वाचा विवेक कायद्याने केला आहे. शाळेला पैसा मिळतो तो गरिबीवरून, परंतु शाळेतील मूल निवडले जाते ते त्याच्या अभ्यासातील गरजेवरून. वडिलांचे उत्पन्न त्या वेळी पाहिले जात नाही. वाचनात मागे असलेली तीन-चार मुले एकत्र बसतात, खास तयारीची शिक्षिका त्यांना अक्षरांचे ध्वनी, शब्दांची फोड, मोठ्याने वाचन असे धडे रोज थोडा वेळ देते. कोठे शाळा सुटल्यावरचे वर्ग असतात, कोठे उन्हाळ्याच्या सुटीतील.

पण या पद्धतीत एक दोष हळूहळू लक्षात आला. मुलाला जादा वाचनासाठी वर्गाबाहेर नेले की, तेवढा वेळ वर्गात चाललेले गणित किंवा विज्ञान त्याच्या हातून निसटते. शिवाय रोज ठराविक वेळी उठून जाणारी मुले कोण हे इतरांना कळते आणि 'तो बाहेर जाणारा' असा शिक्का त्या मुलावर बसतो. मदतीसाठी नेलेले मूल मदतीमुळेच वेगळे पडावे, हा विपर्यास होता. म्हणून १९७८ पासून अतिशय गरीब शाळांना हा पैसा सबंध शाळा सुधारण्यासाठी वापरण्याची परवानगी देण्यात आली. आरंभी त्यासाठी गरीब मुलांचे प्रमाण पंचाहत्तर टक्के असावे लागे. पुढे ही अट उतरत उतरत चाळीस टक्क्यांवर आली. अशा शाळेत नवे शिक्षक नेमता येतात, शिक्षकांना प्रशिक्षण देता येते, बालवर्ग काढता येतात.

मात्र एक बंधन सर्वत्र आहे. मध्यवर्ती पैसा हा स्थानिक पैशाच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नसावा. हे बंधन घालण्याची पाळी का आली, ती हकिकत अशी.

राखण कोणी करावी?

१९६५ साली घाईने पैसा सुटला आणि अनेक ठिकाणी तो भलतीकडे गेला. रूबी मार्टिन आणि फिलिस मक्लुअर या दोन स्त्रियांनी १९६९ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. हा पैसा गरीब मुलांना खरोखर मिळतो आहे काय, असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर लाजिरवाणे निघाले. कोठे जिल्ह्याने आपला नेहमीचा खर्च या पैशातून भागविला होता, कोठे इमारती बांधल्या होत्या, पोहण्याचे तलावदेखील झाले होते. ज्यांच्या नावाने पैसा आला ती मुले होती तेथेच होती. यानंतर नियम कडक झाले. गरीब शाळांना स्थानिक पैसा इतरांइतका आधी द्या आणि मग त्यावर ही मदत चढवा, असे बजावण्यात आले.

परंतु नियम कागदावर राहतात. ते पाळले जातात की नाही हे रोज डोळ्यांनी पाहणारे कोण? वॉशिंग्टनचा अधिकारी वर्षाकाठी एकदा यावयाचा. जे रोज शाळेच्या दारात उभे असतात, ज्यांच्या पोटचे मूल त्या वर्गात बसते, ते आईबापच खरे राखणदार होऊ शकतात. हा विचार या कायद्यात असा शिरला. १९७४ साली प्रत्येक जिल्ह्यात आणि मदत घेणाऱ्या प्रत्येक शाळेत पालकांची सल्लागार मंडळे असलीच पाहिजेत, असे ठरले. ज्या बायाबापड्यांनी शाळेच्या कचेरीत कधी पाऊल ठेवले नव्हते, त्या आता अंदाजपत्रकाचा कागद हाती घेऊन प्रश्न विचारू लागल्या.

हा मार्ग सरळ मात्र नव्हता. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्या कारकीर्दीत मध्यवर्ती बंधने सैल करण्याच्या धोरणात ही मंडळे सक्तीची राहिली नाहीत आणि पुष्कळ ठिकाणी ती विरून गेली. १९८८ साली पालकांचा सहभाग कायद्यात पुन्हा आला. १९९४ साली त्याला अधिक ठोस रूप मिळाले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या सुधारित कायद्यात 'पालक व कुटुंब' असा शब्दप्रयोग आला. मूल आजीजवळ, मावशीजवळ किंवा थोरल्या भावाजवळ वाढत असेल, तर त्यांनाही शाळेत मान मिळावा, हा त्यामागील हेतू. आपल्या एकत्र कुटुंबांना हे सांगण्याचीही गरज नाही, परंतु अमेरिकन कायद्याला ते कळावयास पन्नास वर्षे लागली.

आईबापांचे हक्क आणि शाळेचा शब्द

आज या कायद्याप्रमाणे मदत घेणाऱ्या शाळेने पालकांसाठी काय करावे लागते, ते थोडक्यात पाहू.

वर्षातून एकदा सर्व पालकांची सभा घेऊन, शाळेला ही मदत मिळते, तिचा अर्थ काय आणि पालकांचे हक्क कोणते, हे समजावून सांगावे लागते. सभा निरनिराळ्या वेळी ठेवाव्यात, सकाळीही आणि संध्याकाळीही, म्हणजे कामकरी पालकांची गैरसोय होणार नाही. पालकांच्या सहभागाचे धोरण पालकांसमवेत बसूनच लिहावे. ज्या जिल्ह्याला पाच लाख डॉलरांहून अधिक मदत मिळते, त्याने तिच्यातील किमान एक टक्का रक्कम पालकांच्या सहभागासाठी बाजूला काढावी, आणि तिच्यातील निदान नव्वद टक्के थेट शाळांकडे जावी. या पैशातून पालकांच्या प्रवासाचा खर्च देता येतो, सभेच्या वेळी लहान भावंडांना सांभाळण्याची सोय करता येते. पालकांना पाठवावयाची सूचना, शक्य तेथवर, त्यांना समजेल अशा भाषेत असावी. आपल्या मुलाच्या शिक्षकाची पात्रता काय, हे विचारण्याचा पालकाला अधिकार आहे. सलग चार आठवडे किंवा अधिक काळ राज्याची पात्रता पुरी न करणारा शिक्षक वर्गावर असेल, तर शाळेने ते न विचारताही कळविले पाहिजे.

याखेरीज एक कागद असतो, ज्याला तेथे 'कॉम्पॅक्ट' म्हणतात. भाषांतर करणाऱ्याला हा शब्द थोडा अडवितो. करारनामा म्हणावे तर तो न्यायालयात चालणारा नाही, वचन म्हणावे तर ते एकतर्फी नाही. आम्ही त्याला संकल्पपत्र म्हणू. शाळा काय करील, पालक काय करतील आणि दोघे एकमेकांशी बोलणे कसे ठेवतील, हे त्यात लिहिलेले असते. प्राथमिक शाळेत वर्षातून निदान एकदा शिक्षक व पालक समोरासमोर बसून त्याच मुलाच्या संदर्भात हे संकल्पपत्र वाचतात. त्यात मुलाला रोज रात्री मोठ्याने वाचून दाखविण्यासारखी साधी गोष्ट असू शकते, परंतु ती 'आपण दोघांनी मिळून' ठरविलेली असते.

आता एका आईची कल्पना करा. ती रात्रपाळीला एका इस्पितळात फरशा पुसते. तिची भाषा स्पॅनिश. मुलगा तिसरीत आहे आणि त्याला वाचता येत नाही. शाळेतून इंग्रजीत छापलेला कागद येतो, ती तो घड्याळामागे खोचून ठेवते. सभा संध्याकाळी सहाला, आणि तिची पाळी सातला सुरू होते. धाकट्या मुलीला कोणाजवळ ठेवावे? शाळेत गेले तरी बाई काय बोलतील ते कळणार नाही. म्हणून ती जात नाही. शाळेत सारे म्हणतात, 'या घरात कोणाला मुलाची काळजीच नाही.'

या एका वाक्यात केवढा अन्याय आहे! वरील प्रत्येक तरतूद अशाच एखाद्या आईच्या अडचणीवरचा उपाय आहे. सूचना तिच्या भाषेत आली, सभा तिच्या सोयीच्या वेळी झाली, धाकटीला सांभाळावयास कोणी असले, तर ती येते. आणि ती आली नाही, तर शिक्षकांनी तिच्याकडे जावे. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहरात १९९८ साली पालकांच्याच चळवळीतून अशी प्रथा सुरू झाली. दोन शिक्षक मिळून आधी विचारून घरी जातात. तक्रार घेऊन जावयाचे नाही, हा पहिला नियम. पहिल्या भेटीत एवढेच विचारावयाचे की, 'आपल्या मुलाविषयी आपली काय स्वप्ने आहेत?' भेट केवळ 'वांड' मुलांच्या घरी द्यावयाची नाही, म्हणजे शिक्षक दारात दिसताच घरच्यांच्या छातीत धस्स होत नाही. ही प्रथा पुढे इतर अनेक राज्यांत पसरली.

याहूनही जुने उदाहरण न्यू हेवन शहरातील आहे. येल विद्यापीठातील मानसरोगतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ साली तेथील दोन गरीब शाळांत काम सुरू केले. त्यांच्या मते मूल शिक्षकाकडून शिकते ते आधी त्याच्यावर विश्वास बसल्यावर, आणि घर व शाळा एकमेकांकडे संशयाने पाहत असतील, तर मुलाचा विश्वास बसावा कोणावर? म्हणून त्यांनी शाळेचा कारभार पाहणाऱ्या मंडळात मुख्याध्यापक व शिक्षकांबरोबर पालकांनाही बसविले. दोष कोणाचा हे शोधू नका, अडचण कशी सुटेल ते पाहा, असा त्या मंडळाचा दंडक होता. वर्षे लागली, परंतु त्या शाळांतील वातावरण निवळले आणि अभ्यासही सुधारला.

फळ किती मिळाले?

इतके करून मुले पुढे आली काय? याचे उत्तर प्रांजळपणे द्यावयास हवे. १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्रचंड पाहणीत दिसून आले की, मुलाच्या यशापयशावर शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा परिणाम अधिक असतो. १९९७ साली पुऱ्या झालेल्या आणखी एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, मदत घेणारी मुले पुढे सरकली, परंतु सुस्थितीतील मुलांशी असलेले त्यांचे अंतर या मदतीने भरून निघाले नाही. २००२ साली अध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्याने दरवर्षी परीक्षा घेऊन शाळांना जबाबदार धरण्याचा मार्ग पत्करला. त्यामुळे गरीब मुलांचे निकाल झाकून ठेवणे अवघड झाले हे खरे, पण परीक्षेपुरतेच शिकविण्याची प्रवृत्तीही वाढली. २०१५ च्या कायद्याने ती पकड बरीच सैल केली.

अपेक्षा आणि साधने यांचे प्रमाणही पाहावयास हवे. अडीच कोटींच्या आसपास मुलांमध्ये अठरा अब्ज डॉलर वाटले, तर दर मुलामागे सातशेच्या जवळपास डॉलर पडतात, आणि त्या देशात दर विद्यार्थ्यामागे एकंदर वार्षिक खर्च पंधरा हजारांहून अधिक आहे. शंभरातील पाच रुपयांनी पंचाण्णव रुपयांतील विषमता मोडावी, अशी ही अपेक्षा होय. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी मध्यवर्ती शिक्षण खाते बंद करण्याच्या दिशेने आदेश काढला आणि या मदतीच्या भवितव्याविषयी पुन्हा वाद सुरू झाला. मात्र ही मदत काँग्रेसच्या कायद्याने दिलेली आहे, आणि ती रद्द करावयाची तर तेही काँग्रेसलाच करावे लागेल.

मग साठ वर्षांच्या या उद्योगाचे सार काय? पैसा आवश्यक आहे, पण तो गरजूपर्यंत पोहोचला काय हे पाहणारी नजर तितकीच आवश्यक आहे. ती नजर आईबापांची आहे. आणि आईबाप शाळेत येत नसतील, तर त्यांना दोष देण्याआधी शाळेने आपले दार तपासून पाहावे, हे या कहाणीतील मर्म आहे.

वाचकहो, ही कहाणी परदेशातील असली तरी तिच्यातील आई आपल्या अगदी ओळखीची आहे. आपल्या देशातही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. तिच्यातील तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. आपल्या मुलांच्या शाळेत ही समिती आहे काय? तिची सभा कधी भरते? तिच्यात आपल्या आळीतील मोलकरणीला, हातगाडीवाल्याला, परप्रांतातून आलेल्या मजुराच्या पत्नीला कोणी बोलाविले आहे काय? पुढील पालकसभेची चिठ्ठी घरी येईल, तेव्हा ती घड्याळामागे खोचून ठेवू नका. आणि शेजारणीला ती वाचता येत नसेल, तर तिला वाचून दाखवा व आपल्याबरोबर घेऊन चला. कोणत्याही सरकारी योजनेने यापेक्षा मोठी मदत मुलाला क्वचितच दिली असेल.